हरण्यासाठी भरलेले कोटेशन

दोन वर्षांपूर्वी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, जळगावातल्या एका मोटार डीलरच्या वर्कशॉपमध्ये काशिनाथ भामरे यांनी दुरुस्तीच्या कोटेशनवर सही करायला नकार दिला. गाडी सहा वर्षांची होती. मूळ वॉरंटी संपलेली होती. जादा पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी अजून शिल्लक होती. कोटेशनची रक्कम मात्र अशी होती, की गाडी आहे तशी विकली असती तर त्या रकमेच्या आसपासच पैसे हाती आले असते. भामरे तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. त्या सकाळी त्यांच्याबरोबर मी होतो.

कॉलनीत त्यांना सगळे नाना म्हणत. मूळचे साक्री तालुक्यातले. जळगावच्या एका पाईप कारखान्यात खरेदी विभागात कारकून म्हणून लागले आणि त्याच विभागाचे अधिकारी म्हणून निवृत्त झाले. पाईपसाठी लागणाऱ्या कच्च्या मालापासून कँटीनच्या चहापत्तीपर्यंत प्रत्येक वस्तूची कोटेशने त्यांच्या टेबलावरून जात. त्यांच्या विभागात एक नियम होता. पुरवठादाराच्या कोटेशनचे बंद पाकीट एकट्याने उघडायचे नाही. समोर दुसरा माणूस हवा. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, नियम सुटला नाही. त्यांच्या घराला लागून माझे घर असल्याने तो दुसरा माणूस बहुतेक वेळा मी असे.

कुंपणाच्या भिंतीपलीकडून हाक यायची. "पत्रकार, दुसरा माणूस हवाय. मोकळे आहात?" गेलो की टेबलावर घराच्या रंगकामाची, बोअरच्या मोटारीची किंवा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन पाकिटे मांडलेली असत. नाना चष्मा पुसत, कात्रीने पाकिटाची कड कापत आणि आतला कागद आधी माझ्या हातात देत. मी वाचायचे, मग त्यांनी. एका रंगाऱ्याने पाकीट न देता तोंडी भाव सांगितला, तेव्हा त्याला त्यांनी आपल्याच घरातला कागद आणि लिफाफा दिला आणि ओसरीवर बसून लिहायला लावले. तो लिहिता लिहिता म्हणाला, "नाना, दोन खोल्या रंगवायच्या का धरण बांधायचंय?" नाना म्हणाले, "धरण असतं तर एवढं विचारलं नसतं. ते सरकार बघतं. भिंतीकडे मलाच बघायचंय रोज."

त्यांच्या पत्नी मालतीवहिनी तेव्हा होत्या. वैशालीच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीच्या लग्नात आचाऱ्यांची पाकिटे व्याह्यांसमोर उघडली गेली होती, हा किस्सा त्या दरवेळी नव्याने सांगत. "व्याही म्हणाले, आमचंही पाकीट घेतलंय का तुम्ही? मी म्हटलं, घेतलं असणार, मला दाखवलं नसेल." आणि मग नानांकडे बघून, "मीच चुकले. तीन मागवायला हवी होती. पहिलंच पास केलं." नाना यावर चष्मा पुसत बसत. पण वहिनींनी तो किस्सा सांगायचा राहिला, तर ते स्वतः आठवण करून देत.

त्यांची काही वाक्ये ठरलेली होती. कुणी किंमत सांगायला तोंड उघडले की ते हात वर करत. "भाव नंतर. कारण आधी." कोटेशनचा कागद हातात आला की म्हणत, "लिहिलेलं सगळेच वाचतात. काय गाळलंय ते बघा." आणि विकणाऱ्याच्या दुकानात ते चहा, कॉफी, सरबत काहीही घेत नसत. जळगावच्या मे महिन्यात, सराफाच्या वातानुकूलित दुकानात, वहिनी बांगड्या पाहत असताना ते पाण्यालाही नाही म्हणाल्याचे मी पाहिले आहे. "त्याचा घोट पोटात गेला की आपला आवाज बदलतो," असे त्यांचे म्हणणे होते. वहिनींनी त्यांच्या वाट्याचे सरबतही पिऊन टाकले होते.

वहिनी गेल्या त्यानंतर घरातली पाकिटे कमी झाली. नानांच्या आठवड्याला एकच ठरलेला कार्यक्रम उरला. दर गुरुवारी ते स्वतः गाडी चालवत धुळ्याला जात. तिथे त्यांची थोरली बहीण, लीलाअक्का, एकटी राहते. अक्काला गुडघ्यांमुळे जिना उतरायला वेळ लागतो. तिला बँकेत न्यायचे, दवाखान्यात न्यायचे, काही नसेल तर नुसते गाडीत बसवून पांझरा नदीच्या पुलापर्यंत चक्कर मारून आणायचे, दुपारी तिच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचा आणि ऊन उतरल्यावर एरंडोलमार्गे परत यायचे. घराबाहेर त्यांचे एवढेच जाणे होते. गाडीला ते गाडी म्हणत नसत. "धुळ्याची तयारी झाली का बघतो," असे म्हणून तेल-पाणी बघायला जात.

होळीच्या आदल्या आठवड्यात धुळ्याहून येताना स्टिअरिंग एकाएकी जड झाले आणि समोर पिवळा दिवा लागला. नानांनी गाडी कशीबशी घरी आणली. दुसऱ्या दिवशी वैशाली आली. तिचे औषधांचे दुकान आहे आणि ती दोन गल्ल्या सोडून राहते. "वर्कशॉपचा माणूस घेऊन गाडी मीच पोचवते, तुम्ही उन्हात नका जाऊ," असे ती म्हणाली आणि गाडी घेऊन गेली. चार दिवसांनी कोटेशन तयार असल्याचा फोन आला. नानांनी भिंतीपलीकडून हाक मारली. आम्ही माझ्या स्कूटरवर गेलो.

वर्कशॉपमध्ये गाडी घेणारा, दोष लिहून घेणारा आणि खर्च सांगणारा जो माणूस असतो, त्याचे नाव समाधान होते. तिशीतला, व्यवस्थित, आवाज हळू. त्याने कॉफी मागवू का म्हणून विचारले. नानांनी हात वर केला.

"कॉफी नको. आधी कारण सांगा. काय काय बदलायचंय?"

"नाना, स्टिअरिंगचा पूर्ण कॉलम, मोटारीसकट. खालचा रॅक. पुढचे दोन्ही शॉकअप. क्लच. आणि चारी टायर."

"मी आलो स्टिअरिंग जड झालं म्हणून. त्यात क्लचनं काय केलं?"

"गाडीचं वय झालंय ना आता."

"वय माझंही झालंय. म्हणून काय सगळे पार्ट काढता?"

शेजारच्या टेबलावरची मुलगी हसली. समाधान हसला नाही. नाना उठून काचेच्या दारातून आत, लिफ्टवर चढवलेल्या गाडीपाशी गेले. टायरच्या खाचेत अंगठ्याचे नख घातले, ते आत पूर्ण बुडाले. "हे मागच्या दिवाळीत टाकलेत. इथेच टाकलेत. ह्यांना काय झालं?"

"लिहिण्यात गेलं असेल, नाना."

"बरं. वॉरंटीचं काय?"

"ते यात धरलेलं नाही."

"का?"

"बसत नाही."

"मग तसं लिहून द्या. एक ओळ पुरे. वॉरंटीत बसत नाही, कारण अमुक. खाली तुमची सही."

समाधानने पेन उचलले आणि परत ठेवले. नानांनी पुढचे प्रश्न त्याच सुरात विचारले. हा भाव किती दिवस धरायचा? तुम्ही म्हणाल तितके दिवस, असे उत्तर आले. काही कमी होईल? नाही. आज काम सुरू केले तर गाडी कधी मिळेल? सांगता येणार नाही. मग समाधान थोडा पुढे वाकला. "खरं सांगू का नाना? कशाला या गाडीवर एवढा खर्च करता? कॉलनीच्या तोंडाशी रिक्षा मिळते. धुळ्याला एसटी आहे. आरामात बसायचं, खिडकीतून बघत जायचं."

नानांनी कोटेशनची घडी घालून खिशात ठेवली. "सही करत नाही," म्हणाले आणि बाहेर आले.

फाटकासमोर चहाची टपरी होती. तिथे नानांनी दोन चहा सांगितले आणि मला विचारले, "पत्रकार, काय वाटतं?"

मी जे वाटत होते ते सांगितले. अशा तक्रारी आमच्या वृत्तपत्राकडे येत असत. वाढीव वॉरंटी असूनही ग्राहकाला ती नाकारायची, दुरुस्तीचा आकडा फुगवायचा, म्हणजे तो जुनी गाडी देऊन नवी घेतो.

"मग नव्या गाड्यांकडे का नेलं नाही त्यानं? वरच्याच मजल्यावर आहेत. नुसतं जिन्याकडे बोट करायचं होतं." नाना बशीतला चहा फुंकत होते. "मोटारीच्या दुकानात बसून मला रिक्षा विकतोय तो."

मग त्यांनी कारखान्यातली एक गोष्ट सांगितली. नियमाने तीन कोटेशने लागत. काही पुरवठादार स्वतःचे एक भरत आणि ओळखीच्या दोघांना वरचे भाव भरायला सांगत. ती दोन कोटेशने हरण्यासाठीच भरलेली असत. नाना ती उघडताक्षणी ओळखायला शिकले होते. "त्यात मुदत नसते. सूट नसते. माल कधी देणार ते नसतं. चुका असतात, आणि दाखवल्या तरी कुणी दुरुस्त करायला धावत नाही. काम हवं असलेला माणूस असं लिहीत नाही. ह्याला माझं काम नको आहे."

"पण का नको असेल?"

"हरण्यासाठी भरलेलं असेल, तर जिंकणारा कुणीतरी दुसरा असतो," नाना म्हणाले. "तो कोण, एवढंच विचारायचंय." चहा संपवून ते परत आत गेले.

या वेळी ते समाधानच्या समोर बसले नाहीत. टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि अहिराणीत बोलू लागले. जळगावात इतक्या वर्षांत मी त्यांना बहिणीशी फोनवर बोलताना सोडून ती भाषा वापरताना ऐकले नव्हते.

"गाव कोनतं तुनं?"

"साक्रीजवळनं, नाना." समाधान चकित झाला.

"मंग आपलाच शे तू. भाव ऱ्हाऊ दे. कारण सांग. बठ्ठं सांग." सगळे सांग, असे ते म्हणत होते.

समाधानने दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. नाना म्हणाले, पत्रकार घरचेच आहेत.

"ताईनी सांगेल व्हतं," समाधान म्हणाला. ताईंनी सांगितले होते.

"कोनती ताई?"

"तुमनी पोर."

पुढचे त्याने प्रमाण मराठीत, खाली बघत सांगितले. वैशाली गाडी सोडायला आली तेव्हा केबिनमध्ये बसून रडली होती. एवढा आकडा लिहा की नाना स्वतःच गाडी विकतो म्हणतील, असे तिने सांगितले होते. त्याला नाही म्हणता आले नाही. प्रत्यक्षात स्टिअरिंगची मोटार तेवढी गेली होती आणि ती वॉरंटीत पूर्ण बसत होती. वॉरंटी नाकारली असे लिहून दिले असते, तर कंपनीच्या तपासणीत खोटे उघड झाले असते. म्हणून कोटेशनमध्ये वॉरंटीचा उल्लेखच केला नव्हता.

नानांनी स्टूल टेबलाजवळ ओढले. मग त्यांनी विचारले, "क्लच खरंच गेलाय?"

"नाही."

"शॉकअप?"

"चांगले आहेत."

"गाडी चांगली शे?"

"एकदम चांगली शे, नाना."

नानांनी मान हलवली. "क्लेम टाक. आणि ते कोटेशन कॉम्प्युटरमधून रद्द कर. तुझ्या नावावर राहिलं तर नोकरी जाईल तुझी." खिशातला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "आणि आता कॉफी सांग. दोन."

दुपारी वैशाली दुकान बंद करून आली. नानांनी मला थांबवून घेतले होते. मला पाहून ती दारातच थांबली.

"दादा कशाला? घरातलं आहे."

"कोटेशन उघडायचंय," नाना म्हणाले. "दुसरा माणूस लागतो."

ती चप्पल न काढता खुर्चीवर बसली. वर्कशॉपमध्ये काय झाले हे तिला कळून चुकले होते. नानांचा आवाज चढला नाही. त्यांनी फक्त विचारले, "मला सरळ का नाही सांगितलंस?"

"सांगितलं नव्हतं? दिवाळीपासून सांगतेय. नाना, ड्रायव्हर ठेवू. नाना, एसटीनं जा. दरवेळी तुम्ही काय म्हणता? गाडीची वॉरंटी बाकी आहे अजून." ती उठून उभी राहिली. "वॉरंटी गाडीची बाकी आहे, नाना. तुमची नाही."

"तू भाव सांगत होतीस. कारण नव्हतं सांगितलंस."

"कारण ऐकायचंय? पारोळ्याजवळ कापसाची ट्रॉली होती. डाव्या बाजूनं रस्त्यावर येत होती. मी शेजारी बसले होते. मी ओरडले म्हणून तुम्ही वळवली. ट्रॉलीवरचा कापूस काचेला घासून गेला, आठवतंय?"

"मला दिसली होती ती."

"नव्हती दिसली."

वैशाली बाहेर गेली आणि अंगणातल्या फाटकाच्या खांबावर हात ठेवून उभी राहिली. गाडी आत घेताना जो खांब डावीकडे येतो तो. त्यावर पांढऱ्या रंगाचे ओरखडे होते, एकावर एक. गाडी पांढरी होती. "हे बघा. उजव्या खांबाला आहे का एक तरी?" नाना ओसरीतून खांबाकडे बघत राहिले. नंतर ते उठले, खांबापाशी गेले आणि ओरखड्यांवरून बोट फिरवले.

"आई गेली तेव्हा तुम्ही घरात होतात," वैशाली म्हणाली. "तुम्ही रस्त्यात गेलात तर मी काय करू, तेवढं सांगा. मग चालवा गाडी."

नानांना काचबिंदू होता. थेंब ते नियमित घालत. वेळ चुकू नये म्हणून मोबाइलवर गजर लावलेला होता. त्यामुळे आजार आटोक्यात आहे अशी त्यांची समजूत होती. दरवर्षी नजरेच्या आवाक्याची तपासणी करून घ्या, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ती वहिनींच्या आजारपणापासून राहून गेली होती. त्या आठवड्यात वैशाली त्यांना जळगावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. यंत्रात डोके ठेवून समोर एकाच ठिकाणी बघायचे आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचे, अशी ती तपासणी असते. कागद आला त्यावर डाव्या बाजूचा मोठा भाग काळा होता.

नानांनी कागद उलटसुलट पाहिला आणि डॉक्टरांना विचारले, "यंत्र बरोबर आहे?"

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी खिशातले पेन काढले, नानांना समोरच्या भिंतीकडे बघायला सांगितले आणि पेन डाव्या कानामागून हळूहळू पुढे आणले. "दिसलं की सांगा." पेन गालाच्या पुढे आले, नाकाच्या रेषेकडे सरकू लागले, तेव्हा नाना म्हणाले, "दिसलं." वैशाली मागे उभी होती. तिने तोंडावर पदर धरला होता.

तरी नानांनी दुसऱ्या डॉक्टरांचे मत मागितले. ते धुळ्याला घ्यायचे ठरले. त्या गुरुवारी ते एसटीने गेले. मीही गेलो. गाडीने निघताना ते वाटेतल्या प्रत्येक पुलाविषयी आणि प्रत्येक ढाब्याविषयी काही ना काही सांगत. बसमध्ये ते डाव्या बाजूच्या खिडकीशी बसले आणि पारोळ्यापर्यंत बोलले नाहीत. पारोळा मागे पडल्यावर त्यांनी विचारले, "पत्रकार, आत्ता डावीकडून काय गेलं?" मी सांगितले, बैलगाडी. ते म्हणाले, "मला मान वळवल्यावर दिसली."

धुळ्याच्या डॉक्टरांचा कागद जळगावच्या कागदासारखाच होता. नानांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून पाहिले. "आता तिसरं नको," म्हणाले.

तिथून आम्ही अक्काकडे गेलो. अक्काने दार उघडून खाली रस्त्याकडे पाहिले. "काश्या, गाडी कथी शे?" गाडी कुठे आहे, हे तिने दोनदा विचारले. नानांनी दुरुस्तीला दिली असे सांगितले. त्या दिवशी पांझरेच्या पुलापर्यंतची चक्कर झाली नाही. रिक्षात चढायला अक्काचा गुडघा वळत नव्हता. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, चक्कर पुढल्या गुरुवारी मारू. नाना हो म्हणाले. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता.

क्लेम मंजूर झाला. स्टिअरिंगची मोटार वॉरंटीत बदलली गेली आणि बिलाच्या शेवटच्या ओळीत शून्य आले. गाडी आणायला नाना गेले नाहीत. गाडी घरी आल्यावर चावी त्यांनी वैशालीच्या हातात दिली. वैशालीकडे लग्नाआधीपासूनचा परवाना होता, पण चालवायची ती स्कूटर. मोटार तिने गल्लीबाहेर नेली नव्हती.

"मला ही का देताय? विका ना."

"गाडी चांगली आहे," नाना म्हणाले. "मी खात्री करून घेतलीये. दोष ड्रायव्हरमध्ये होता. ड्रायव्हर बदल."

"मला हायवेला भीती वाटते, नाना."

"मला वाटत नव्हती. त्याचं काय झालं ते पाहिलंस."

पुढचे दोन महिने वैशाली सकाळी दुकान उघडण्याआधी महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर गाडी चालवायला शिकत होती. नाना शेजारी बसत. कॉलनीत शिरताना दोघांचे आवाज गाडीच्या आधी पोचत. "गिअर! गिअर टाक!" "टाकलाय, नाना!" "मग ती का रडतेय?" एकदा ती फाटकात गाडी थांबवून उतरली आणि चावी नानांच्या मांडीवर टाकून दुकानात चालत निघून गेली. संध्याकाळी ते स्वतः दुकानावर गेले. काय बोलले ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा बाहेर पडली आणि नानांनी त्या दिवशी गिअरचे नाव घेतले नाही.

मे महिन्याच्या शेवटी दोघे धुळ्याला गेले. वैशालीने नंतर सांगितले, की एरंडोलपर्यंत नाना सूचना देत होते. "पुढे स्पीडब्रेकर आहे. ट्रक इंडिकेटर न देता येणार. हॉर्न वाजव. एवढा नको वाजवू." एरंडोलच्या पुढे तिने गाडी कडेला घेतली. "नाना, आता एक शब्द बोललात तर पारोळ्याला उतरवीन. एसटी आहे. खिडकीतून बघत या." नाना हसले. ते हसले हे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. पारोळ्याजवळ मात्र त्यांनी एकदाच विचारले, "डावीकडे बघतेयस ना?" ती म्हणाली, बघतेय.

अक्का गॅलरीत होती. गाडी थांबली आणि नाना नेहमीच्या दारातून उतरले नाहीत हे तिने वरूनच पाहिले.

"काश्या, गाडी कोन चालाडस आते?"

"मनी पोर."

"मंग तू काय करस?"

"मी बसस," नाना म्हणाले.

अक्काला हे फार आवडले. त्या दिवशी ती पांझरेच्या पुलापर्यंत गेली, पुलावरून परत येताना गाडी पुन्हा वळवायला लावली आणि पुन्हा पुलावर गेली. मागच्या सीटवरून तिने वैशालीला सांगितले, तुझा बाप चालवायचा तेव्हा पोट ढवळायचे, आज नाही ढवळले. नाना म्हणाले, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" अक्का म्हणाली, "सांगती तं तू येता का?" सांगितले असते तर आला असतास का, असे तिने विचारले होते. वैशालीने शेजारी नानांकडे पाहिले. ते खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर गुरुवार सहसा चुकला नाही. वैशाली त्या दिवशी दुकान नवऱ्यावर सोपवून निघे. नानांनी डावीकडचा खांब घासून पुन्हा रंगवून घेतला. रंगाऱ्याकडून पाकीट मागवले आणि मला बोलावले. एकच खांब होता. रंगाऱ्याने पाकिटात भाव न लिहिता, "नाना, एवढ्यासाठी पाकीट नको, चहा पाजा," असे लिहिले होते. नानांनी ते मंजूर केले. वर्कशॉपचा समाधान पावसाळ्यात एकदा घरी आला होता. साक्रीकडचा तांदूळ घेऊन आला होता. दोघे तासभर अहिराणीत बोलत बसले होते.

या वर्षी संक्रांतीनंतरच्या गुरुवारी वैशाली आणि नाना सकाळी धुळ्याला गेले. अक्काला बँकेत नेले, पुलापर्यंतची चक्कर झाली. दुपारी जेवण झाल्यावर नाना अक्काच्या पलंगावर आडवे झाले. ऊन उतरल्यावर वैशाली त्यांना उठवायला गेली, तेव्हा ते उठले नाहीत. शेजारच्या डॉक्टरांनी झोपेतच हृदय थांबल्याचे सांगितले.

मृतदेह रुग्णवाहिकेतून जळगावला आणला. वैशालीचा नवरा घ्यायला निघतो म्हणत होता. तिने त्याला तिकडच्या तयारीसाठी थांबायला सांगितले. रुग्णवाहिका पुढे होती. मागे गाडी होती. ती वैशाली चालवत होती आणि शेजारच्या सीटवर लीलाअक्का होती. मुकटी, पारोळा, एरंडोल असे करत त्या दोघी रात्री जळगावला पोचल्या.